शेऱ्याचा रकाना

नकाशात राहण्याला पिवळा,
दुकानाला निळा,
आणि रस्त्याच्या कडेला नऊ फूट हिरवा.
तो हिरवा मीच भरलाय,
परभणीच्या कचेरीत, मे महिन्यात, कूलर बंद असताना.
घामाचा थेंब पडून एका जागी कागद फुगलाय.
साहेब म्हणाले, इथं तळं दाखवलंय का?

ठिकाणावर गेलो.
वसमत रोडच्या आतल्या अंगाला, गल्ली नंबर चार.
हिरव्यात डांबराचा रिकामा पिंप,
दार निघालेली डीपी,
कुणाची तरी बंद पडलेली लुना
आणि एक शेवगा.
शेवगा मंजूर झाडांच्या यादीत नाही.
यादीत कडुनिंब, करंज, बहावा.

शेवग्याखाली सात बाया.
पुढ्यात डबे, पिशव्या, एक घमेलं.
घरातून गिरणीचा आवाज.

प्रयागबाई गवारेंची गिरणी पिवळ्यात येते.
पिवळ्यात धंदा चालतो, पण बेतानं:
घराच्या चौथ्या हिश्श्यात,
पाच अश्वशक्तीच्या आत,
पाटी दोन फुटांहून मोठी नको,
शेजाऱ्याची झोप मोडायला नको.
मी टेप काढला. दुसरं टोक धरायला
शिपाई आलाच नव्हता,
तर तिनंच धरलं,
पिठानं पांढऱ्या झालेल्या दोन बोटांत.
"कामून मोजायलास, बाबा?
खोली कालबी एवढीच होती की."

दहा बाय बारा.
हिश्श्याहून आठ चौरस फूट जास्त.
आठ चौरस फूट म्हणजे तिचा तराजू,
झाकून ठेवलेलं जेवणाचं ताट,
आणि पोत्याची घडी, जिच्यावर ती
भिंतीला पाठ लावते.
"सांग, काय उचलू?"

शेजारचे मुनीर मास्तर दारात आले.
नियमाप्रमाणं झोपेचं विचारलं.
म्हणाले, गिरणी बंद असली की जाग येते.
हे लिहायला रकाना नव्हता.

जाता जाता घमेलंवालीनं अडवलं.
"तुमच्या कागदात बसायचा रंग कोणता?"
म्हणजे?
"म्हणजे दळण होईस्तोर बसावं कुठं?
पिवळं दुसऱ्याचं.
निळ्यात बसलं की च्या घ्यावा लागतो."
बाया हसल्या. मीही हसलो,
मग ओळखपत्र सरळ केलं.

कचेरीत येऊन लिहिलं.
वापर: मिश्र.
बांधकाम: पत्र्याचं, जुनं.
हरित पट्टा: रिकामा नाही.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, का कोण जाणे,
सावली आढळली
असं लिहून गेलो.

तिसऱ्या दिवशी फाईल परत.
लाल शाईत: क्षेत्रफळ नमूद करावे.

पुन्हा टेप.
या खेपेला घरची ज्वारीही घेतली सोबत,
जायचंच होतं तर.
पोचेपर्यंत साडेपाच.
सावली पट्टा सोडून,
डांबर ओलांडून
समोरच्या निळ्यात गेली होती,
मोबाईलवाल्याच्या शटरवर उभी, बिनपरवाना.
बाया तिच्यामागं सरकत सरकत
निम्म्या रस्त्यावर आलेल्या.
एक ट्रॅक्टर हॉर्न न वाजवता थांबलेला.

मी टेपच्या एका टोकावर दगड ठेवला.
दुसरं टोक पानांच्या कडेला नेलं.
पानं हलली. परत नेलं.
शेवग्याचं पान ते, कुठं थांबतंय.

आत गिरणी बंद झाली.
पदरानं तोंड पुसत प्रयागबाई बाहेर आली,
कमरेवर माझा डबा, झाकणाखालून वाफ.
"किती भरली रं?"

सहा किलो, म्हणालो.

ती टेपकडं बघत होती.